नमुना क्रमांक सत्तेचाळीस

डबा शस्त्रक्रियेच्या खोलीतून येतो,
बर्फात रोवलेला, झाकणावर निळ्या शाईचा आकडा.
बाहेर कल्लावेसीचं पाणी गोठायला लागलंय,
आधी काठाकाठाने;
मधे अजून काळं, हलतं.

मी हातमोजे चढवते.
आत एक गुडघा, म्हणजे त्यातला तासून काढलेला तुकडा:
हाडावर सायीएवढी कूर्चा,
एका कोपऱ्यात तीही नाही.
तिथे माणूस वर्षानुवर्षं नुसत्या हाडावर चालला असणार,
आणि घरच्यांना म्हणाला असणार, काही नाही, जरा कुरकुरतंय.

पाच मायक्रॉनचे काप.
लाल रंगात बुडवले की
ज्या जागेत पाणी धरून ठेवायची ताकद उरलीय ती लालभडक होते,
बाकीची फिकट, धुवट.
मग ध्रुवित प्रकाशाखाली कमानी दिसतात:
हाडातून सरळ वर चढलेले धागे,
वर येऊन वाकलेले, पृष्ठभागाला आडवे झोपलेले.
अठरा वर्षं बघतेय. अजून सवय झालेली नाही.

इथे रक्त येत नाही.
नस नाही, म्हणून दुखल्याची बातमीही बाहेर जात नाही.
एकेक पेशी आपल्या खोलीत एकटी.
पाऊल पडलं की पाणी पिळून निघतं,
पाऊल उचललं की परत शिरतं,
तेवढंच त्यांचं जेवण.
कोणीतरी वर चालत असतं म्हणून त्या जगतात,
आणि तो कोण, हे त्यांना माहीत नसतं.

आर्त्तु म्हणाला एकदा, कॉफी गार होऊ देत:
कातडी बदलते, हाडही हळूहळू बदलतं,
पण इथला कोलॅजेन वाढत्या वयात विणला तोच.
त्या काळी आकाशात अणुबॉम्ब फोडत होते ना,
त्या हवेतला कार्बन मोजून हे कळलं.
सत्तरीच्या गुडघ्यात विशीच्या आतला धागा.

माझ्या बापाचा उजवा गुडघा मार्चमध्ये बदलला.
जुना संशोधनाला द्यायला हरकत नाही,
या ओळीखाली त्याने सही केली,
ओइवा पिर्स्कानेन, प्रत्येक अक्षर सुटं.
नाव काढून आकडा लावतात.
आकड्यांची वही कुलपात असते.
किल्ली माझ्याकडे नाही,
आणि मी मागणार नाही.

पण सतराव्या वर्षी तो
नदीतून ओंडके हाकायचा, त्यांच्यावर उभा राहून.
गुडघ्याला बाशिंग बांधलेला पोरगा,
आईच्या गावच्या पुलाखालून जाताना
मुद्दाम एका पायावर.
तो उन्हाळा कुठल्यातरी कापात असेल.
या डब्यात, मागच्या, पुढच्या.
म्हणून सगळेच काप मी जरा जपून उचलते,
हे वहीत लिहिता येत नाही.

वरच्या मजल्यावर पेशी वाढवतात.
बशीत, गुलाबी पाण्यात, त्या भराभर दुप्पट होतात
आणि होता होता विसरतात आपण कोण होतो.
परत आठवण करून द्यायची, यातच माणसांची आयुष्यं चाललीत.
भोक बुजतं, नाही असं नाही.
पण बुजवलेली जागा म्हणजे ठिगळ,
कमानी त्यात परत उभ्या राहात नाहीत.
अजून तरी.

सत्तेचाळीसमध्ये हाड आणि कूर्चा यांच्या मधली
ती बारीक निळी रेघ, भरतीरेषा म्हणतात तिला,
एक नाही, दोन आहेत.
हाड एक पाऊल वर सरकलं,
आणि जुनी हद्द पुसायची राहून गेली.
मी लिहिते: रेषा दुहेरी. वय: माहीत नाही.

संध्याकाळी फोन येतो.
काय चाललंय, असं तो विचारत नाही.
विचारतो, बर्फ धरला का?
काठाला धरलाय, मी म्हणते. मधे नाही.
मग थांबतो, तो म्हणतो.
नवा गुडघा थांबतो गं.
घाई जुन्यालाच होती.